सहावीच्या अपूर्णांकांपासून कॉलेज अल्जिब्रापर्यंत: सात महिन्यांत काय काय वापरलं

आधीच सांगते, मी दहावीला सामान्य गणित घेतलं होतं. बीजगणित-भूमितीची धास्ती असलेल्यांसाठी बोर्डाने तेव्हा ठेवलेली ती पळवाट. पुढे आर्ट्स केलं आणि गणिताशी संबंध उरला तो भाजीच्या हिशेबापुरता. लग्नानंतर टेक्सासला आले. बत्तिसाव्या वर्षी रेडिओग्राफीचा कोर्स करायचं ठरवलं, तर अटींच्या यादीत पहिलंच नाव कॉलेज अल्जिब्रा, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं बीजगणित, आणि त्यात किमान सी ग्रेड हवी.

इथल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेशाआधी टीएसआय नावाची परीक्षा असते. गणिताचे 20 प्रश्न, वेळेचं बंधन नाही. 950 मिळाले की थेट वर्गात. मला 931 मिळाले. पूर्वी अशा लोकांना सेमिस्टर-दोन सेमिस्टर नुसती उजळणी करायला लावत, तिचे क्रेडिटही मिळत नसत आणि फी मात्र भरावी लागे. 2017 च्या कायद्यानंतर टेक्सासात ते टप्प्याटप्प्याने बंद झालं. आता कच्च्या विद्यार्थ्यालाही थेट कॉलेज अल्जिब्रातच बसवतात आणि त्याच सेमिस्टरला जोडीने एक मदतवर्ग देतात. वेळ आणि पैसा वाचतो हे खरं. पण वर्ग काही तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधी, जूनपासूनच मी घरी सुरुवात केली.

पहिलं साधन खान अकॅडमी, व्हिडिओ आणि सरावाची गणितं देणारी वेबसाइट. फुकट आहे, जाहिराती नाहीत. मी मोठ्या ऐटीत अल्जिब्रा 2 उघडलं आणि तीन दिवसांत मिटलं. मग दार लावून (खरंच लावलं, घरात सासूबाई होत्या) सहावीचं गणित उघडलं. 1/4 अधिक 1/6. हे मला येत नव्हतं. म्हणजे शाळेत लसावि काढायचे ते आठवत होतं, पण कशासाठी काढायचे ते कधी कळलंच नव्हतं. चौथा भाग आणि सहावा भाग हे वेगवेगळ्या मापाचे तुकडे, दोन्ही बाराव्या भागांत कापले तरच मोजता येणार: 3 आणि 2, मिळून 5/12. एवढंच! ऑक्टोबरमध्ये 1/क्ष अधिक 2/(क्ष+3) समोर आलं तेव्हा वर्गातले निम्मे जण वर वर आणि खाली खाली बेरीज करत होते. मी शांतपणे छेद सारखा केला. वर आलं 3क्ष+3, खाली क्ष(क्ष+3). (एक्सच्या जागी क्ष लिहिते आहे, टाइप करायला बरं पडतं.)

खान अकॅडमीतली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे पायऱ्या. एखादा घटक फॅमिलिअर, मग प्रॉफिशियंट, मग मास्टर्ड. मास्टर्ड मिळतं ते सगळे घटक एकत्र करून घेतलेल्या चाचणीत. तिथे चुकलात तर पायरी खाली येते. राग येतो, पण काल येत होतं ते आज येत नाही हे तिथेच कळतं.

व्हिडिओंच्या बाबतीत मात्र मी स्वतःला फसवलं. पोळ्या लाटता लाटता दीडपट वेगाने बघायचे आणि सगळं कळतंय म्हणून खूश व्हायचे. पेन हातात घेतला की दुसऱ्या ओळीत अडायचे. जुलैपासून नियम केला: उदाहरण वाचलं की व्हिडिओ थांबवायचा, आधी वहीत आपण सोडवायचं, मगच पुढे बघायचं. तासाला दोनच व्हिडिओ व्हायला लागले. पण झाले ते झाले.

पुस्तक ओपनस्टॅक्सचं. ही इथल्याच ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाची संस्था. पीडीएफ फुकट मिळते. पहिलं प्रकरण पूर्वतयारीचं आहे: घातांक, करणी, बहुपदी, अवयव. प्राध्यापकांनी ते एका आठवड्यात उरकलं, मी त्यावर आख्खा ऑगस्ट घालवला होता. मागे फक्त विषम क्रमांकांच्या गणितांची उत्तरं आहेत, तेव्हा सराव विषम गणितांचा आणि स्वतःची परीक्षा सम गणितांची, अशी वाटणी केली. भाषा कोरडी आहे. इंग्रजीची सवय नसेल तर शब्दांतली उदाहरणं दोनदा वाचावी लागतात.

तिसरं साधन कॉलेजने लादलेलं, गृहपाठाचं सॉफ्टवेअर. ते उघडायला लागणाऱ्या कोडचे पैसे वेगळे. नाव घेत नाही. अडलात की ते तुमचंच गणित पायरी पायरीने सोडवून दाखवतं, मग आकडे बदलून तसंच दुसरं देतं. तुम्ही वरचं बघून खाली उतरवता, हिरवी खूण येते. माझे गृहपाठाचे सरासरी मार्क 96 होते. पहिल्या परीक्षेत 54 पडले. त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले, लपवत नाही.

इथे पुतण्याची एन्ट्री. दिरांचं घर जवळच आहे, तो आठवीत. मी त्याला उत्तरपत्रिका दाखवली. −2क्ष < 6, आणि माझं उत्तर क्ष < −3. म्हणाला, "काकू, शून्य घालून बघ." शून्य घातलं: 0 हे 6 पेक्षा लहान, बरोबर. म्हणजे शून्य उत्तरात यायला हवं. माझ्या उत्तरात ते नव्हतंच. ऋण संख्येने भागलं की खूण उलटते, उत्तर क्ष > −3. मी म्हटलं, अरे, आम्हाला शिकवलंय, बाजू बदलली की चिन्ह बदलतं. तो म्हणाला, "काकू, काही हलत नसतं तिकडे. दोन्ही बाजूंना सारखंच करतो आपण." शाळेत पाठ केलेल्या त्या एका वाक्याने माझं किती नुकसान केलं होतं ते तेव्हा दिसलं. कुठे वजाबाकी झाली, कुठे भागाकार, हे ते वाक्य झाकूनच टाकतं.

शाळेचं सगळंच वाया गेलं असं नाही हं. कंचेभागुबेव इथेही चालतं. आणि पाढे! 6क्ष² − 7क्ष − 20 चे अवयव पाडायचे तर गुणाकार −120 आणि बेरीज −7 येणाऱ्या दोन संख्या हव्यात. शेजारची मुलगी कॅल्क्युलेटरवर एकेक जोडी तपासत होती. माझ्या डोक्यात पंधरा आठे वीसाशे वाजलं, −15 आणि 8, झालं: (2क्ष − 5)(3क्ष + 4). आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला गणितात "हाऊ डिड यू डू दॅट" विचारलं.

लॉगरिदमची भीती होती, पण ते मराठीत प्रश्न विचारून सुटलं. पाया 2, 8 चा लॉग, म्हणजे 2 चा कितवा घात 8? तिसरा. प्रत्येक लॉग मी असाच मोठ्याने वाचायचे. त्याउलट फंक्शनने छळलं. एफ आणि कंसात क्ष, हा मला महिनाभर गुणाकारच वाटत होता. तिथे डेस्मॉस नावाची आलेख काढणारी वेबसाइट कामी आली. फुकट आहे, समीकरण टाकलं की आलेख समोर. क्षच्या जागी क्ष+2 टाकलं की आलेख डावीकडे सरकतो, हे डोळ्यांनी बघेपर्यंत मला पटलं नव्हतं. परीक्षेला मात्र टीआय-84 हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लागतो. नवा घेऊ नका, उसना बघा.

कॉलेजचं मोफत ट्यूटरिंग सेंटर वापरा. मी सप्टेंबरभर लाजले आणि चार आठवडे घालवले.

54 नंतर एक चुकांची वही केली. प्रत्येक चुकलेलं गणित, चूक कुठल्या ओळीत आणि कशाची. डिसेंबरपर्यंत त्यात 83 नोंदी झाल्या. चिन्हांच्या 37, अपूर्णांकांच्या 22, कंस सोडवण्याच्या 9. म्हणजे 83 पैकी 68 चुका मी आठवीच्या आतल्या गणितात केल्या होत्या. कॉलेजचं म्हणावं असं जेमतेम 15.

ज्यांचा शाळेचा पाया ठीक आहे आणि नुसता गंज चढलाय, त्यांना एवढं सगळं लागणार नाही, पुस्तकाचं पहिलं प्रकरण आणि पंधरा दिवस पुरतील. माझ्यासारख्यांनी निदान दोन महिने हाताशी ठेवून सहावीपासूनच सुरुवात करावी. फायनलला 79 आले, एकूण बी. कॅल्क्युलेटर पुतण्याला परत केला. सासूबाईंना शेवटी सांगितलं, तर म्हणाल्या, "दार कशाला लावायचीस? मलाही कुठे येतात अपूर्णांक."