पोलोनेझ कारो १.६ : नऊ महिने चालवल्यानंतर

वॉर्सात आल्यापासून मनात होतं की जुनी गाडी घेईन तर पोलंडचीच जुनी गाडी, पोलोनेझ. ९५ ची कारो (पोलोनेझचंच नंतरचं मॉडेल) मिळाली, १.६ जीएलआय, एलपीजी किट आधीच्या मालकानेच बसवलेलं. नऊ महिन्यांत बायको, दोन मुलं आणि ढीगभर सामान घेऊन क्राकोव झालं, ग्दान्स्क झालं, म्हणून आता लिहितोय.

जागेला तोड नाही. मागचं दार काचेसकट वर उघडतं, सीट पाडली की वॉशिंग मशीनसुद्धा मावतं, आम्ही नेलंय. १९७८ ला वॉर्सातल्याच झेरान भागातल्या एफएसओ या कंपनीच्या कारखान्यातून ही बाहेर पडली तेव्हा बॉडी एकदम नवी, फियाटच्या मदतीने आखलेली, पण खाली सगळा सांगाडा पोल्स्की फियाट १२५पी या फियाटच्या परवान्यावर तिथेच बनणाऱ्या आधीच्या गाडीचाच आणि इंजिन तर त्याहून जुन्या फियाट १३००/१५०० वरून आलेलं. पुढे रोव्हरचं आणि डिझेल इंजिनही मिळायचं पण बहुतेकांकडे हेच जुनं, माझ्याकडेही. खरं तर १२५पी च्या जागी ही यायची होती, पण देश आर्थिक संकटात सापडला आणि दोन्ही गाड्या ९१ पर्यंत एकाच कारखान्यात बनत राहिल्या. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बॉडी इतकी चांगली होती की तिला तसंच नवं इंजिन मिळायला हवं होतं.

चालवायला जड आहे, पार्किंग करताना खांदे भरून येतात. मागे टेम्पोसारखे पाटे, त्यामुळे गाडी रिकामी असली की खड्ड्यात उडते आणि चौघं बसलो की मऊ चालते. ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे बर्फात पहिल्याच दिवशी चौकात शेपूट फिरली. शेजारचे आजोबा म्हणाले डिकीत वाळूची पोती टाक, टाकली, फरक पडला बरं का. बाबांकडे पद्मिनी होती, तीही फियाटच्याच घराण्यातली, बॉनेट उघडलं की तसंच सगळं समोर दिसतं आणि हात पोचतो. कार्बोरेटर मात्र नाही, इंजेक्शन आहे.

पार्ट्स अजून मिळतात आणि स्वस्त मिळतात, शेवटी २००२ पर्यंत दहा लाखांवर गाड्या बनल्या. मोठा शत्रू गंज. दाराखालची पट्टी वरून छान रंगवलेली होती, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत गेला. घेताना तिथे आणि मागच्या पाट्यांच्या माउंटिंगजवळ बोटाने दाबून बघाच, रंगावर जाऊ नका. उजव्या बाजूचं वेल्डिंग झालंय, डावी बाजू पुढच्या आठवड्यात उघडणार आहे.