तिकीट-बुकिंगवर टेम्पोरल लॉजिकचा पहारा: आठ महिने वापरल्यावर

कोथरूडच्या ऑफिसात आम्ही सहा जण नाटकांच्या तिकिटांचं वेब अॅप सांभाळतो. गेले आठ महिने त्यावर स्वतः लिहिलेला रनटाइम मॉनिटर, म्हणजे अॅप चालू असताना नियम मोडतोय का यावर नजर ठेवणारा प्रोग्राम, चालू आहे. लावावा का, असं विचाराल तर जरूर लावा. पण मेहनत कुठे जाते, ते ऐकून घ्या.

संगणकशास्त्रज्ञ अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये प्रोग्रामबद्दल विधानं करायला टेम्पोरल लॉजिक, म्हणजे काय केव्हा खरं असायला हवं ते मांडणारं तर्कशास्त्र, वापरलं. पुढे १९९६ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातलं मानाचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. ‘नेहमी’, ‘कधी ना कधी’, ‘तोपर्यंत’ या भाषेत नियम लिहायचा आणि प्रत्येक घटनेनंतर मॉनिटरने तो ताडून पाहायचा. आमचा पहिला नियम: एकाने खुर्ची धरली की पैसे भरेपर्यंत किंवा आठ मिनिटं संपेपर्यंत ती दुसऱ्याला मोकळी दिसता कामा नये. दुसरा: स्क्रीनवर उलटी गणती चालू आहे तोवर सर्व्हरवरही खुर्ची धरलेलीच हवी.

या दुसऱ्या नियमाने सगळे कष्ट फेडले. “वेळ शिल्लक दिसत होती, तरी खुर्ची गेली,” असे फोन वर्षभर यायचे. आमच्याकडे मात्र ते कधी घडायचं नाही, टेस्टही सगळ्या पास. मॉनिटर लावला आणि तिसऱ्याच दिवशी नियम मोडला, घटनांच्या क्रमासकट. खुर्ची धरली, पेमेंटच्या पानावर गेले, चार मिनिटांनी बॅक दाबलं. अशा वेळी ब्राउझर मागचं पान नव्याने लोड न करता मेमरीतून जसंच्या तसं उठवू शकतो, आणि मधल्या काळात त्या पानाचे टायमर गोठलेले असतात. गणती चार मिनिटं मागे राहिलेली! ‘पेजशो’ इव्हेंट (पान पुन्हा समोर आल्याची ब्राउझरची सूचना) आला की वेळ सर्व्हरकडून पुन्हा घ्यायची, एवढ्यावर काम भागलं.

खोट्या हाका मात्र पहिल्या महिन्यात फार आल्या. मागे पडलेल्या टॅबमधले टायमर क्रोम मुद्दाम मंदावतो. पाच मिनिटांनंतर तर काही टायमर मिनिटातून एकदाच चालतात. त्यामुळे मॉनिटरला ब्राउझरच्या टायमरवर विसंबू देऊ नका, वेळ सर्व्हरचीच धरा. प्रत्येक बुकिंगला वेगळा मॉनिटर द्या आणि निकाल लागला की तो काढून टाका, नाहीतर मेमरी फुगत जाते.

खरी कसोटी ‘कधी ना कधी’ची. पैसे कापले गेले तर कधी ना कधी तिकीट मिळालं पाहिजे, हा नियम चालू अॅपवर मोडलाय असं म्हणताच येत नाही, कारण पुढच्या क्षणी तिकीट येऊही शकतं. म्हणून बाउअर, लॉयकर आणि शालहार्ट या संशोधकांच्या पद्धतीत तीन निकाल असतात: खरं, खोटं आणि अजून ठरत नाही. आम्हाला मुदत घालणं भाग पडलं, आणि ती किती यावर आठवडाभर वाद झाला. शेवटी प्रेक्षकांचे फोन घेणाऱ्या ताई म्हणाल्या, “दोन मिनिटांत तिकीट आलं नाही की लोक मला फोन करतात.” दोन मिनिटं ठरली.

रिलीजपूर्वी तपासायचं असेल तर क्विकस्ट्रॉम पाहा, असेच नियम घेऊन वेब अॅप आपोआप तपासणारं साधन. त्याच्या २०२२ च्या शोधनिबंधात टूडूएमव्हीसीची (कामांच्या यादीचं एकच नमुना अॅप, वेगवेगळ्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं) ४३ रूपं तपासली आहेत आणि जवळपास निम्म्यांत दोष सापडले. तो वाचूनच मी आमच्या साहेबांना राजी केलं.

परताव्याच्या नियमाला आम्ही सात दिवस दिलेत. तोवर ती बुकिंग्ज ‘अजून ठरत नाही’ मध्येच राहतात, आणि ताई रोज सकाळी ती यादी वाचतात. गेल्या सोमवारी त्यात तीन नावं होती. तिघांनाही ताईंनी आपणहून फोन लावला.