भिंतीवरचं कन्सेंट माझं नव्हतंच

भोसरीजवळ माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. एक बूथ (गाडीला रंग मारायची बंद खोली), दोन पेंटर, चार हेल्पर. तीन वर्षं मी एका बनावट कन्सेंटवर, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या खोट्या संमतीपत्रावर, हा बूथ चालवला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ज्यांच्याकडे बूथ आहे आणि ज्यांची प्रदूषण मंडळाची कामं दुसरा कुणी बघतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मार्च २०२१ मध्ये रंगाच्या दुकानात एका माणसाची ओळख झाली. तो स्वतःला पर्यावरण सल्लागार म्हणवायचा. दुकानदार त्याला 'साहेब' म्हणत होता, म्हणून मीही म्हणू लागलो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "शेठ, कन्सेंट आहे का?" नव्हतं. गावठाणातल्या जुन्या शेडमध्ये काम चाललं होतं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि नवीन जागेत बूथ बसवताना माझ्याही डोक्यात आलं नाही. ती माझी चूक, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

त्याने सांगितलं, हवा प्रदूषण कायदा १९८१, कलम २१. संमतीशिवाय बूथ चालवला तर दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंत कैद. हे खोटं नव्हतं, तेव्हा कायद्यात तशीच शिक्षा होती. त्याने कायदा बरोबर सांगितला आणि त्या भीतीवर पैसे घेतले. पुढे १ एप्रिल २०२४ पासून ती कैद गेली आणि त्या जागी दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला, पण २०२१ मध्ये माझ्या डोळ्यांपुढे फक्त जेल दिसत होती.

सगळं मिळून एक लाख साठ हजार ठरले. पंचाहत्तर हजार त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने, बाकी रोख. रोख कशाला, तर म्हणे 'आत द्यावे लागतात'. शिवाय दरवर्षी पस्तीस हजार, त्यात चिमणीची तपासणी आणि रिटर्न. दीड महिन्यात व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आलं. मी पहिलं पान रंगीत छापलं, लॅमिनेट केलं आणि काउंटरच्या मागे लावलं. पुढची पानं उघडलीच नाहीत.

आता हे रिटर्न म्हणजे काय ते सांगतो, कारण तेव्हा मला ते माहीत असतं तर त्याचं चाललंच नसतं. २०१६ च्या वर्गवारीत गाड्यांची दुरुस्ती आणि पेंटिंग ऑरेंज गटात, म्हणजे बऱ्यापैकी प्रदूषण करणाऱ्या धंद्यांत, होतं, आपण काही पिठाच्या गिरणीत मोडत नाही. वर्षात दोन तारखा लक्षात ठेवायच्या. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म ४, ३० जूनपर्यंत. आपल्या धंद्यात घातक कचरा म्हणजे रंगाची स्प्रे गन धुतलेलं थिनर, बूथचे रंगाने भरलेले फिल्टर, वाळलेला रंग, रिकामे डबे. दुसरं पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५, मार्चअखेर संपलेल्या वर्षाचं ३० सप्टेंबरपर्यंत. दोन्ही मंडळाच्या पोर्टलवर भरायची असतात. माझा माणूस मला दरवर्षी एका पत्राची प्रत द्यायचा, त्यावर निळा गोल 'आवक' शिक्का. मी ती फाइलला लावायचो. ऑनलाइन भरायच्या फॉर्मला हाताने मारलेला शिक्का कसा, हा प्रश्न मला पडला नाही. पोर्टलवर माझ्या नावाचं लॉगिन आहे का, त्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर कधी आला का, हेही मी विचारलं नाही.

आणि चिमणीची तपासणी. एक्झॉस्टच्या पाइपातून हवेचा नमुना घ्यायचा तर पाइपाला भोक लागतं. त्याला पोर्टहोल म्हणतात. शेवटच्या वळणापासून पाइपाच्या व्यासाच्या आठपट वर ते असावं, माणसाला उभं राहायला फळी असावी, वर चढायला शिडी असावी. माझ्या पाइपाला भोक नव्हतं, फळी नव्हती, शिडीही नव्हती. तीन वर्षांत कुणी छपरावर चढलं नाही. तरी दर ऑक्टोबरला अहवाल यायचा, आणि सगळे आकडे मर्यादेत. त्यात इंधनाच्या रकान्यात 'ब्रिकेट' (बॉयलरमध्ये जाळायचं इंधन) लिहिलेलं होतं. माझ्याकडे बॉयलर नाही. कुठल्यातरी कारखान्याच्या अहवालावर माझं नाव टाकलं होतं. पाइपाची उंचीसुद्धा माझी नव्हती.

मला सर्वात जास्त टोचतं ते पुढचं आहे. गॅरेजच्या मागे तीन मजली इमारत आहे. २०२२ च्या पावसाळ्यानंतर दुसऱ्या मजल्यावरच्या एक ताई आल्या. दुपारी घरात थिनरचा वास भरतो, मुलाला दमा आहे, काही करता येईल का, असं विचारत होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तो अहवाल समोर ठेवला. "ताई, बघा, सरकारमान्य लॅबचा आहे, सगळं मर्यादेत आहे." त्यांनी तो नीट वाचला, काही न बोलता उठल्या. खोटा कागद दाखवून मी एका आईला परत पाठवलं. मला माहीत नव्हतं हे खरं आहे, पण वास मलाही येत होता.

कागद चांगला म्हणून मी बूथकडेही बघणं सोडलं. फिल्टर वर्ष-वर्ष बदलले नाहीत. साधा फिल्टर उडालेला रंग अडवतो. थिनरची वाफ, टोल्यूइन, झायलीन, त्यातून सरळ निघून जाते, तिला अॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो. माझ्या बूथमध्ये तो नव्हताच. आणि क्लिअर कोटच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट तर पेंटरच्या छातीत बसतं. आमच्या जुन्या पेंटरला त्याच काळात खोकला लागला. मी त्याला मास्कवर मास्क देत राहिलो, तेही कापडी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत यायचं म्हणून त्यांची तपासणी होती. पंचविशीतली एक इंजिनिअर मुलगी आली. तिने लॅमिनेट केलेल्या कागदावरचा यूएएन नंबर, म्हणजे मंडळाकडच्या अर्जाचा क्रमांक, मोबाइलवर टाकला, दोनदा बघितला आणि हळूच म्हणाली, "काका, हा नंबर तुमचा नाहीये." तो एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्याचा होता. मग पीडीएफची पुढची पानं उघडली. तिसऱ्या पानावर उत्पादन: प्लास्टिक दाणे. पहिल्या पानावर माझं नाव चिकटवलं होतं, बाकी कागद त्या कारखान्याचा तसाच. तीन वर्षं तो माझ्या मोबाइलमध्ये पडून होता. त्या संध्याकाळी अहवालावरच्या लॅबला फोन केला. लॅब खरी, पण तो अहवाल क्रमांक त्यांच्या नोंदीत नव्हता.

एक गोष्ट माझ्या सीएने सांगितली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. कन्सेंटची फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते आणि त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. "तुम्ही माझ्याकडून ते कधी मागितलंच नाही," तो म्हणाला. ज्या सल्लागाराने तुमच्याकडे गुंतवणुकीचा दाखला मागितला नाही, त्याने अर्ज केलेलाच नाही. फीसुद्धा पोर्टलवरून मंडळाच्या नावे जाते, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

सल्लागार मुळात ठेवू नये असं मी म्हणत नाही. प्रामाणिक माणसं आहेत, आता माझं काम तसाच एक जण बघतो. पण लॉगिन माझ्या ईमेलवर आणि माझ्या मोबाइलवर आहे, पासवर्ड माझ्या बायकोने ठरवला आहे, आणि तीच जून आणि सप्टेंबरमध्ये पोर्टल उघडून पावती काढून घेते.

मी स्वतः मंडळाच्या कार्यालयात गेलो आणि सगळं सांगितलं. कारणे दाखवा नोटीस आली, ती यायलाच हवी होती. बूथ सात आठवडे बंद राहिला. दोन्ही पेंटरना अर्ध्या पगारावर ठेवलं, कॅशलेसची यादी हातची गेली. नवीन अर्ज, फी, बँक गॅरंटी, कार्बन फिल्टर, पोर्टहोल, शिडी, पेंटरला हवेच्या नळीचा मास्क. कचरा आता भंगारवाल्याला जात नाही, रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाची गाडी येते आणि प्रत्येक फेरीची फॉर्म १० ची पावती फाइलला लागते. पोलिसांत तक्रार दिली आहे. सगळा प्रकार १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून कलमं जुन्या दंड संहितेचीच, ४२०, ४६८, ४७१. यूपीआयच्या पंचाहत्तर हजारांचा आणि पस्तीस-पस्तीसच्या हप्त्यांचा पुरावा आहे. रोख दिलेल्या पंच्याऐंशी हजारांचा काहीच नाही. त्याचा नंबर बंद आहे. रंगाच्या दुकानदाराला त्याचा पत्ता माहीत नाही, आणि त्याच्याकडून आणखी किती जणांनी काम करून घेतलं तेही तो सांगत नाही.

खरी तपासणी झाली त्या दिवशी लॅबची दोन मुलं सकाळी नऊला शिडीवर चढली आणि दुपारी उतरली. अहवाल आल्यावर मी तो घेऊन मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेलो. आधीचा कागद खोटा होता हे सांगितलं, माफी मागितली. ताईंनी दार पूर्ण उघडलं नाही. अहवाल हातात घेतला, मोबाइलवर एनएबीएलच्या, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, यादीत लॅबचा नंबर शोधला, मग लॅबला फोन लावून अहवाल क्रमांक वाचून दाखवला. तिकडून होकार आल्यावर त्यांनी मला आत बोलावलं.