झोटेरो: आमच्या पोटावर पाय, तरी सांगतो वापरा

ठाण्यात नौपाड्याला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि वर्षाला पंधरा-वीस पीएचडीचे प्रबंध. काळं रेक्झीन आणि सोनेरी अक्षरं यांचा भाव सगळीकडे सारखाच, त्यात फारसं सुटत नाही. सुटायचं ते संदर्भसूचीत. सूची टाइप करायची, अकारविल्हे लावायची, गाइडने "इथे स्वल्पविराम कुठाय?" विचारलं की पुन्हा सगळी उघडायची, आणि दर खेपेला पानामागे वेगळे पैसे. संदर्भ साठवून सूची आपोआप लावणाऱ्या झोटेरो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने ही कमाई बंद केली. त्याच झोटेरोबद्दल लिहितोय, तेव्हा कुणी पैसे देऊन लिहून घेतलंय असा संशय घेऊ नका.

पहिल्यांदा पाहिलं ते ऐरोलीच्या एका मॅडममुळे. ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, प्रबंध नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांवर. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली तिथपासून १९८४ चं जासईचं शेतकऱ्यांचं आंदोलन, साडेबारा टक्के जमीन परत देण्याची भानगड, सगळं त्यात. संदर्भही तसेच नाना तऱ्हेचे: इंग्रजी जर्नलमधले लेख, शासन निर्णय, वर्तमानपत्रांची कात्रणं, गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती, आणि आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३ चं आहे ते, बरं का) बसून उतरवलेली जुनी पुस्तकं. एकूण ३१२ नोंदी.

गुरुवारी संध्याकाळी फायनल प्रिंटला आल्या आणि इथेच बसल्या असताना गाइडचा फोन. एमएलए नको, समितीला एपीए पाहिजे (दोन्ही संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या शैली). म्हणजे मजकुरात जिथे जिथे कंसात आडनाव आणि पान आहे तिथे आडनाव, साल आणि पान हवं. शिवाय मागची सूची मुळापासून वेगळी, कारण एपीएत साल लेखकाच्या नावाला लागूनच येतं. मी मनात हिशेब मांडला: दोन ऑपरेटर, चार दिवस. चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "थांबा हो दादा." वर्डमध्ये झोटेरोची पट्टी उघडली, डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये गेल्या, यादीतून एपीएची सातवी आवृत्ती निवडली, ओके. पाचेक मिनिटं मशीन घरघरलं आणि पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे कंस बदलले, सूचीसुद्धा. माझा ऑपरेटर चहा हातात धरून मागे उभा होता, तो प्यायचाच राहिला.

एवढं पाहून दुकान बंद करावं असं वाटलं. मग मी सूचीचा प्रिंट काढला, पेन घेतलं आणि जरा जीवात जीव आला. इंग्रजी भागात सतरा ठिकाणी लेखक म्हणून छापलं होतं: "महाराष्ट्र, जी. ऑफ".

"मॅडम, हे जी. ऑफ कोण?"

गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र! झोटेरोत लेखकासाठी दोन चौकटी असतात, एक आडनावाची, एक नावाची. मॅडमनी आडनावात महाराष्ट्र टाकलं आणि नावात गव्हर्नमेंट ऑफ. एपीए नावाची आद्याक्षरं करतं, त्याने इमानेइतबारे केली. चौकटीशेजारी एक बारीक बटण आहे, ते दाबलं की दोन्हींची एकच चौकट होते आणि त्यात लिहिलेलं जसंच्या तसं छापलं जातं. शासन, महानगरपालिका, आयोग, संस्था, सगळे तिथेच टाकायचे. एवढी एक गोष्ट पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर त्यांचा तास वाचला असता.

दुसरी गंमत शक वर्षाची. एका जुन्या पुस्तकावर शके १८९२ होतं आणि मॅडमनी तारखेच्या चौकटीत तेच भरलं होतं. सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? सिडकोच्या वर्षी छापलेलं पुस्तक कंसात १८९२ घेऊन बसलं. अठ्ठ्याहत्तर मिळवून १९७० केलं.

तिसरी गोष्ट माझ्या खात्यातली. इंग्रजी शैलीत क्ष वेगळं अक्षर धरत नाहीत, क-ला ष जोडलेला असं धरतात. त्यामुळे क्षीरसागर सूचीत क मध्ये जाऊन बसले. गाइडला ते शेवटी, ज्ञ च्या आधी हवे होते. हे हातानेच करावं लागतं. मराठी सूची वेगळी काढायची सोयही नाही, एका फाइलला एकच सूची. पण देवनागरी नोंदी आपोआप इंग्रजीच्या खाली एकगठ्ठा येतात, म्हणून आम्ही शेवटच्या प्रतीत त्यांच्या डोक्यावर फक्त "मराठी संदर्भ" असा मथळा घातला. आणि सूची मंगल फाँटमध्ये येऊन बाकी प्रबंधाशी फटकून दिसली तर घाबरू नका. वर्डमध्ये देवनागरीचा फाँट कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खणात असतो, बिब्लिओग्राफी नावाच्या स्टाइलमध्ये जाऊन तो बदलायचा. लोक वरचा खण बदलतात आणि काहीच होत नाही म्हणून आमच्याकडे येतात.

आता वस्तू काय आहे ते थोडक्यात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी फायरफॉक्सची पुरवणी म्हणून हे काढलं. आता स्वतंत्र प्रोग्राम आहे, चालवणारी संस्था ना-नफा आहे आणि कोड खुला आहे. ब्राउझरमध्ये कनेक्टर टाकला की जर्नलचं पान उघडून एका क्लिकवर लेख आपल्या संग्रहात येतो, बऱ्याचदा पीडीएफसकट. डीओआय (लेखाचा क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) हाताशी असेल तर जादूच्या कांडीचं चित्र दाबून तो आकडा चिकटवायचा, बाकी माहिती तो शोधून आणतो. इंग्रजी लेखांना हे इतकं सरळ चालतं की त्याबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही. शैली दहा हजारांच्या आसपास आहेत. एखादा छापील लेख जर्नलने नंतर मागे घेतला असेल तर त्याच्यावर लाल पट्टीही येते, ही मला फार आवडलेली गोष्ट.

मराठीत मात्र कांडी चालेलच असं नाही. ग्रंथसंग्रहालयातल्या जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच. स्कॅन केलेल्या पीडीएफमधून त्याला काही वाचता येत नाही, आणि जुन्या श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या फाँटांत) केलेल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर किडामुंगी येते. हाताने भरायचं, युनिकोडमध्ये भरायचं, आणि एका लेखकाचं नाव एकदा "ना. ग." आणि एकदा "नारायण गणेश" असं भरायचं नाही, नाहीतर सूचीत दोन माणसं तयार होतात.

फुकट म्हणजे किती फुकट, हे गिऱ्हाईक पहिलं विचारतं. प्रोग्राम पूर्ण फुकट. नोंदी त्यांच्या सर्व्हरवर ठेवणंही फुकट. फक्त पीडीएफसारख्या फाइलींना ३०० एमबी मिळतात, पुढे २ जीबीला वर्षाचे २० डॉलर. मॅडमची कात्रणं मोबाइलने काढलेली, पहिल्या महिन्यातच ३०० एमबी भरले. मग फाइलींचं सिंक बंद केलं, नोंदींचं चालू ठेवलं आणि झोटेरोचं फोल्डर दर रविवारी प्रोग्राम बंद करून पेन ड्राइव्हवर घ्यायला सुरुवात केली. ते फोल्डरच उचलून गूगल ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवायची हुशारी करू नका, डेटाबेस खराब होतो.

आता आमची चूक. दुसऱ्या एका मुलाची फाइल माझ्या पोऱ्याने समास नीट करायला दुसऱ्याच ऑफिस प्रोग्राममध्ये उघडली आणि सेव्ह केली. कंस दिसायला जागच्या जागी, पण मागची जोडणी गेली. रिफ्रेश दाबलं तर ढिम्म. त्याच्या मेलमध्ये आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून वाचलो, समास मी रात्री बसून फुकट करून दिले. तेव्हापासून दुकानात नियम आहे: प्रबंध आला की आधी प्रत काढायची. मूळ फाइल विद्यार्थ्याकडे जिवंत राहू द्यायची, आणि अनलिंक सायटेशन्स (झोटेरोशी जोडणी तोडणारं बटण) फक्त बाइंडिंगला जाणाऱ्या प्रतीत दाबायचं, कारण ते दाबल्यावर मागे फिरता येत नाही. व्हायवानंतर करेक्शन येतातच.

मॅडमचं काम शुक्रवारी रात्री साडेदहाला उरकलं, म्हणजे चार दिवसांचं एका दिवसात. बिल निम्म्याहून कमी झालं. त्या ऐरोलीची गाडी पकडायला पळाल्या आणि मी पोऱ्याला झोटेरो डाउनलोड करायला सांगितलं.

दुकानाच्या काचेवर "संदर्भसूची टाइप करून मिळेल" असा स्टिकर आहे. तो काढला नाही, खाली पट्टी चिकटवली: "झोटेरोतल्या मराठी नोंदी तपासून मिळतील." एका नोंदीचे पाच रुपये. जी. ऑफ निघाले तर ते फुकट काढून देतो.