अडीच अधिक पावणेदोन: बेरीज कोणत्या रीतीने शिकवावी?

आईने अडीच किलो कांदे आणि पावणेदोन किलो बटाटे घेतले. पिशवीचं वजन किती?

एक रीत: पूर्णांक वेगळे, अपूर्णांक वेगळे. २ + १ = ३. मग १/२ + ३/४ म्हणजे २/४ + ३/४ = ५/४, म्हणजेच सव्वा. तीन आणि सव्वा, सव्वाचार किलो. दुसरी रीत: दोन्हींचे अंशाधिक अपूर्णांक (वरचा अंश खालच्या छेदाहून मोठा असलेले) करायचे. ५/२ + ७/४ = १०/४ + ७/४ = १७/४, आणि भागाकार करून पुन्हा ४ १/४.

लहान मुलांना मी पहिलीच रीत आधी शिकवेन. बाजारात आपण असाच हिशेब करतो, शिवाय सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलं घरात रोज ऐकतात. उत्तर चारच्या आसपास येणार हे आधीच कळतं, त्यामुळे चूक झाली तर खटकते. १७/४ पाहून पिशवी किती जड ते मुलाला चटकन कळत नाही. आकडे मोठे झाले की फरक आणखी जाणवतो: १२ ३/५ मीटर आणि ८ २/३ मीटर कापडासाठी दुसऱ्या रीतीत १८९/१५ + १३०/१५ मांडावं लागतं. पहिलीत २० बाजूला ठेवून फक्त ९/१५ + १०/१५.

पहिल्या रीतीत एक खड्डा आहे. बरीच मुलं ३ ५/४ लिहून थांबतात. तिथे पाव किलोची पाच वजनं समोर ठेवावीत. चार उचलली की एक किलो झाला, हे हाताला कळतं.

वजाबाकीत मात्र दुसरी रीत सोपी. सव्वातीनमधून दीड काढताना हातचा घ्यावा लागत नाही: १३/४ − ६/४ = ७/४, पावणेदोन. गुणाकारालाही तीच सोयीची.