गूगल अर्थ प्रो (डेस्कटॉप): वाळूच्या टेकड्या मोजायला 5 पैकी 4

बडोद्यात अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. वाळवंटाचा धडा आला की पुस्तकातली बारखाणाची (चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकडीची) आकृती बघून पोरं जांभया द्यायला लागतात, म्हणून हल्ली क्लासमध्ये सरळ लॅपटॉपवर हे उपग्रहाचे फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर लावतो. आधी याचे वर्षाला 399 डॉलर पडायचे, 2015 पासून फुकट आहे.

जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम, जिथे अर्धं बडोदं दिवाळीच्या सुट्टीत उंटावर बसून फोटो काढून येतं, तिथे झूम केलं की माथ्याच्या रेघा स्पष्ट दिसतात. रूलर (अंतर मोजायचं टूल) घेऊन एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत अंतर काढा, टेकडीची लांबी-रुंदी काढा, पॉलिगॉन (बंद आकृती) करून क्षेत्रफळ काढा, सगळं मिनिटात. आडव्या मापांना पैकीच्या पैकी मार्क.

खरी मजा जुन्या फोटोंची, ते वरचं घड्याळाचं बटण. दोन वर्षांचे फोटो घेऊन टेकडी किती सरकली ते काढता येतं, पण एक सांगतो, वेगवेगळ्या तारखांचे फोटो एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, काही मीटर इकडेतिकडे असतातच, त्यामुळे रस्ता किंवा एखादं जुनं पक्कं घर धरायचं आणि त्याच्यापासून दोन्ही वेळा मोजायचं, नाहीतर न हललेली टेकडीसुद्धा पळताना दिसेल! लहान बारखाण मोठ्यापेक्षा भराभर सरकतो कारण त्याच्यात हलवायची वाळूच कमी, हे पोरांनी स्वतः मोजून बघितलं की वेगळं समजावायला लागत नाही. फोटो शक्यतो एकाच ऋतूतले घ्या. थरच्या वाळवंटात जोराचा वारा उन्हाळ्यात, नैर्ऋत्येकडून, म्हणून हिवाळा ते हिवाळा धरलं की मधला एक अख्खा सीझन मोजला जातो.

आता एक स्टार का कापला. उंची! पाथ (रेघ) काढून एलिव्हेशन प्रोफाइल, म्हणजे त्या रेघेवरची उंची, उघडलं की छान ग्राफ येतो आणि माणूस खूश होतो, पण बऱ्याच भागात ती उंची 2000 साली स्पेस शटलवरच्या रडारने घेतलेली आहे, 30 मीटरच्या अख्ख्या चौकोनाला एकच आकडा, त्यात दहा-बारा मीटर उंचीची टेकडी बरीचशी चोपून सपाट होते, शिवाय फोटो आत्ताचा आणि उंची 2000 ची, मधल्या काळात टेकडी पुढे निघून गेलेली. सेटिंगमधलं व्हर्टिकल एक्झॅजरेशन (उंची फुगवून दाखवणं) 3 केलंत तर सम हिमालयासारखं दिसेल, आकडे मात्र तेच राहतात.

सावलीवरून उंची काढा असं कोणी सांगेल, पण मोकळ्या वाळूचा तीव्र उतार साधारण 33 अंशांचा असतो, आणि बरेचसे उपग्रह तिथल्या सूर्यवेळेने सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातात, तेव्हा जैसलमेरला डिसेंबरमध्येसुद्धा सूर्य 35 अंशांच्या आसपास वर आलेला असतो, म्हणजे उतारापेक्षा चढा, सावली पडायचा प्रश्नच नाही. त्यापेक्षा माथ्यापासून तीव्र उताराच्या पायथ्यापर्यंतचं आडवं अंतर रूलरने मोजा आणि 0.65 ने गुणा. 20 मीटर आलं तर उंची 13 मीटर. उतार ताज्या मोकळ्या वाळूचा असेल तरच हे चालतं, गवत-झाडं आलेल्या टेकडीवर नाही. आणि थरमध्ये तशा टेकड्याच जास्त, पॅराबोलिक वाल्या. त्यांचे हात नैर्ऋत्येला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला असतात, झाडांनी धरून ठेवलेले. बारखाणाची शिंगं बरोबर उलट बाजूला. फोटोत दोन्ही चंद्रकोरच दिसतात, तेव्हा आधी वाऱ्याची दिशा बघा मग नाव द्या.

खूप मोठा भाग करायचा असेल तर सेंटिनल-2 या युरोपीय उपग्रहांचे फोटो कोपर्निकसच्या (त्यांच्याच कार्यक्रमाच्या) साइटवरून फुकट घ्या, दर पाच दिवसांनी नवीन मिळतो, पण पिक्सेल 10 मीटरचा. वर्षाला दहा-वीस मीटर सरकणारी टेकडी त्यात एक-दोन पिक्सेलच हलणार, म्हणून निदान पाच वर्षांचं अंतर ठेवा. एम.एस. युनिव्हर्सिटीत प्रोजेक्ट करणाऱ्यांनी दोन्ही वापरावं, शाळेच्या पोरांना अर्थ प्रो पुरे.

लॅपटॉप जुना असला तरी चालतं, नेट मात्र चांगलं पाहिजे. आणि मापं घेतली की केएमएल (मापांची फाइल) सेव्ह करताना नावातच फोटोची तारीख टाका, खाली पट्टीत दिसते ती, पण पूर्ण झूम करून बघा, लांबून बघितलं तर तारीख भलतीच दाखवू शकते.