गावरान म्हणून घेतलेले कांद्याचे बी

आष्टी तालुक्यातील आमच्या शेतात वडिलांच्या हयातीत घरच्याच बियाण्याचा उन्हाळी गावरान कांदा होत असे आणि मे महिन्यात साठवणुकीच्या चाळीत टाकलेला तो कांदा दिवाळीपर्यंत टिकत असे. पुढे दुष्काळात ते बी मोडले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आठवडी बाजारात एका गृहस्थाने ‘घरचे जुने गावरान बी’ म्हणून कापडी पिशवी उघडली, तेव्हा मला चौकशी करण्याचेही सुचले नाही. शेजारी त्याने विटकरी रंगाचे, गोल, पातळ मानेचे कांदे मांडून ठेवले होते. कांद्याचे बी कोणत्याही वाणाचे असले तरी काळेच दिसते. समोरचे कांदे आणि पिशवीतले बी यांचे नाते केवळ त्याच्या शब्दावर होते. एकरासाठी तीन किलो बी मी किलोला दीड हजार रुपये देऊन, पावतीशिवाय घेतले.

उगवण उत्तम झाली आणि त्यामुळेच मी गाफील राहिलो. डिसेंबरअखेर रोपांची लागवड केली. फेब्रुवारीत वाफ्यावाफ्यातून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, वर आले. एक कांदा उपटून विळ्याने आडवा कापला, तर आत दोन कांदे एकमेकांना चिकटलेले आणि त्यांच्यामधून डेंगळ्याचा कडक दांडा गेलेला. माना जाड, रंग गडद लाल. हे खरिपाच्या लाल कांद्याचे बी असल्याचे जाणकारांनी पाहताक्षणी सांगितले. चाळीतला माल जूनअखेरीस कोंबांनी आणि सडीने गेला.

विक्रेता फोनवर म्हणाला, “थंडी लई पडली, त्याला मी काय करू?” थंडीने डेंगळे येतात हे खरे, परंतु त्याच आठवड्यात घरचे बी टाकलेल्या शेजाऱ्याच्या रानात ते मोजकेच होते. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा कृषी कार्यालयात पावती, लॉट क्रमांक आणि शिल्लक बियाण्याचा नमुना मागितला. माझ्याकडे यांपैकी काहीच नव्हते. शिवाय 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला ब्रँडचे नाव न लावता घरचे बी विकण्याचा हक्क दिला आहे आणि हा मनुष्य त्याच हक्काआड उभा होता.

आता मी शेजाऱ्याच्या चाळीतले निवडक कांदे बियाण्यासाठी लावले आहेत. मधमाश्यांमुळे संकर होतो, म्हणून लाल कांद्याच्या रानापासून दूर, विहिरीच्या पलीकडे. गेल्या बाजारी तो गृहस्थ पुन्हा दिसला. पिशवी तीच होती. या वेळी बियाण्याच्या वाणाचे नाव फुरसुंगी होते.